न उघडलेली नऊ पाकिटं

प्रिय वहिनी,

आजवर तुम्हांला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची सुरुवात मी ‘ती. वहिनींस शिरसाष्टांग नमस्कार’ अशीच केली. आज पहिल्यांदा ‘प्रिय’ लिहिते आहे. ‘सासूला कोणी प्रिय लिहितं का गं?’ असं तुम्ही नक्की म्हणाला असता. म्हणा! पण आज मला दुसरा शब्द सुचत नाही.

आणि वहिनी तरी का? धाकटे दीर वहिनी म्हणायचे, ते ऐकून पोटची मुलं वहिनी म्हणायला लागली, आणि लग्न होऊन आल्यावर मीही तेच उचललं. देवासच्या आमच्या कारखान्याच्या कॉलनीत अजून कोणाला पटत नाही की मी सासूला वहिनी म्हणते.

तुम्हांला जाऊन महिना झाला. गेल्या रविवारी आम्ही धारला आलो होतो, तुमची ट्रंक आवरायला. लुगड्यांच्या खाली एक जुनं मलमलचं फडकं निघालं, आणि त्यात माझ्या अक्षरातली दहा पाकिटं. ‘पहिला दिवस’, ‘दुसरा दिवस’, असं करत ‘दहावा दिवस’पर्यंत. पहिलं तेवढं फोडलेलं होतं. बाकीची नऊ मी चिकटवली तशीच्या तशी!

खोटं कशाला सांगू? मी संतापले. महिन्याभराचं रडणं बाजूला राहिलं आणि मी तुमच्या रिकाम्या खाटेशी भांडले. माझी पत्रं, माझ्या मुलांसाठी लिहिलेली, आणि तुम्ही ती वाचून दाखवलीच नाहीत?

आठ वर्षं झाली त्या गोष्टीला. माझा भाऊ जहाजावर इंजिनियर. त्याचं घर सिंगापूरला, आणि तो वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्याने दोन तिकिटं पाठवली आणि लिहिलं, ‘घर रिकामं आहे. दहा दिवस येऊन राहा. दोघंच या.’ त्या ‘दोघंच’वर मी अडले. राजू सात वर्षांचा, छकुली चारची. त्यांना टाकून परदेशात मजा मारायची? मी तिकिटं परत पाठवायला निघाले होते. तुम्ही धान्य निवडता निवडता म्हणालात, “जा. पोरं काय, मेली वाढतील. तुम्ही दोघं मात्र नुसते म्हातारे व्हाल.” तो टोमणा होता की परवानगी, हे मला तेव्हा कळलं नाही. तुमच्या बोलण्यात ते नेहमीच एकमेकांत मिसळलेलं असायचं.

मग मला ती युक्ती सुचली. सिंगापूरहून टाकलेलं पत्र धारला पोचेपर्यंत आम्हीच पोचलो असतो. म्हणून मी निघण्याआधीच दहा पत्रं लिहून ठेवली. रोज संध्याकाळी तुम्ही एक फोडायचं आणि मुलांना वाचून दाखवायचं. हे मला हसले. म्हणाले, “शालू, न पाहिलेल्या गावाहून पत्र कसं लिहितेस?” मी म्हटलं, गावाबद्दल लिहितंय कोण? मी मुलांबद्दल लिहिते आहे.

धामनोदपर्यंत मी कशीबशी धीराने आले. मुंबईची बस तिथे धरायची होती. ढाब्यावर चहा पिताना समोर धारला परत जाणारी गाडी लागली, आणि माझा बांध फुटला. “मी परत जाते,” म्हणत मी पिशवी उचलली. कंडक्टर ओरडला, “बेनजी, चलना हो तो बैठो, गाड़ी छूट री है!” हे शांतपणे म्हणाले, “चल, मी पण येतो. पण वहिनी दार उघडणार नाही, सांगून ठेवतो.” खरंच उघडलं नसतंत तुम्ही! मी डोळे पुसले आणि मुंबईच्या बसमध्ये बसले.

आता एक कबुली देते. तुम्ही हयात असताना हिंमत झाली नाही.

वहिनी, ते दहा दिवस फार सुखाचे होते. अकराव्या मजल्यावरचं घर. पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा आठ वाजून गेले होते. नळाचं पाणी कधी जाईल याची धास्ती नाही, डबा नाही, कारखान्याचा भोंगा नाही. आम्ही गॅलरीत बसून दोन-दोन कप चहा प्यायलो, आणि साडेनऊपर्यंत मी आंघोळसुद्धा केली नव्हती! ऐकताय ना? साडेनऊ! आंघोळीआधी चुलीला हात न लावू देणाऱ्या सासूची सून मी.

काही बघायची घाई नव्हती. समुद्राकाठी चालायचं, बागेतल्या बाकावर बसायचं, बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा धरायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचं. कचरा टाकला तर दंड होतो, हे कोणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं. एकदा ह्यांनी केळं खाल्लं आणि साल रुमालात गुंडाळून हे दिवसभर खिशात घेऊन हिंडले. रस्त्यात जागोजागी कचऱ्याचे डबे होते, पण इतके स्वच्छ की ह्यांना त्या टपालाच्या पेट्या वाटल्या! संध्याकाळी मी दाखवल्यावर आम्ही दोघं तिथेच पोट धरून हसलो.

एक रस्ता ओलांडताना ह्यांनी माझा हात धरला. रस्ता संपला तरी सोडला नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोन मुलं झाली होती, आणि उजेडात, चारचौघांत हात धरलेला तो पहिला. त्या दिवशी हे किती बोलले! लहानपणी ह्यांना तबला शिकायचा होता, हे मला परदेशात जाऊन कळलं. तुम्हांला तरी माहीत होतं का?

चौथ्या दिवशी मात्र मी दचकले. संध्याकाळी लक्षात आलं की सकाळपासून मुलांची एकदाही आठवण आली नाही. एकदाही! मी कसली आई? तो काटा आठ वर्षं माझ्या मनात रुतून होता. धारमध्ये बायका म्हणाल्याच होत्या, ‘पोरं सासूच्या गळ्यात घालून फिरायला गेली.’ तुम्हीही मनात तेच म्हणत असाल, असं मी धरून चालले. तुम्ही काही म्हणाला नाहीत, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

परत आलो ते दुपारी. छकुली धावत येऊन गळ्यात पडली आणि पहिला प्रश्न काय? “आई, त्या नावाडीबाबांचा ताप उतरला का?”

कोण नावाडी? कसला ताप? मी ह्यांच्याकडे बघते, हे माझ्याकडे. तेवढ्यात तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडलात, “अगं, प्रवासातून आलीस, आधी पाय धू! मग पोरीशी बोल!” राजू तुमच्याकडे बघून गालात हसला होता, ते आत्ता आठवतं. नंतर कितीतरी दिवस छकुली विचारायची, डोंगरावरचा महाल किती मोठा होता, होडीत बाबा खरंच घाबरले होते का. आम्हांला वाटलं, पोर आहे, कुठल्यातरी गोष्टी मिसळते आहे.

रविवारी मी ती नऊ पाकिटं राजूपुढे आपटली. पंधरा वर्षांचा घोडा झालाय आता. छकुली शेजारी पेरू पाडायला गेली होती, तेवढं बरं झालं. राजू हसायलाच लागला. म्हणाला, “आई, तुला खरंच मालूम नाही? आजी तर बिजलीचं बिल पकडून वाचायची!”

मग त्याने सगळं सांगितलं. पहिल्या संध्याकाळी तुम्ही चष्मा लावून माझं पहिलं पत्र वाचलंत. ते संपताच छकुली रडायला लागली. “आई माझ्यावर रागावली आहे का?” म्हणून विचारायला लागली. तुम्ही पत्र घडी घालून ठेवलंत आणि म्हणालात, “चुकून जुनं निघालं गं. खरं उद्या येईल.” दुसऱ्या दिवशी तुम्ही विजेचं बिल डोळ्यांसमोर धरलंत आणि सिंगापूर सुरू केलंत.

काय तुमचं सिंगापूर, वहिनी! धार सोडून तुम्ही कधी नाशिकच्या पुढे गेला नाहीत. त्यामुळे तिथल्या होड्या धरमपुरीच्या नर्मदेतल्या, आणि म्हातारा नावाडी तापाने फणफणलेला. त्याला मी म्हणे माझी शाल पांघरली. आणि महाल मांडूचा. मी त्यात उभी राहून ‘छकुलीऽऽ’ अशी हाक मारली, तर महालानेही ‘छकुलीऽऽ’ म्हणून हाक मारली. रोज जेवताना मी भाताचे पहिले दोन घास बाजूला काढायची, एक राजूचा, एक छकुलीचा. आणि रोज शेवटी लिहायची, ‘तुमच्याशिवाय इथला समुद्र मला आवडत नाही.’

राजूला वाचता येत होतं. शाळा हिंदी असली तरी अक्षरं तीच. दुसऱ्याच दिवशी त्याने मागून बिल ओळखलं आणि तुम्हांला गाठलं. “आजी, हे तर चिट्ठीच नाही!” तुम्ही त्याला जवळ घेतलंत आणि म्हणालात, “तुझ्या आईच्या पोटात आहे ते तिला लिहिता येत नाही रे. पण मला ते वाचता येतं. लिहिलेलं काय, कोणीही वाचील.” आणि त्याला शपथ घातलीत. सात वर्षांच्या पोराने आठ वर्षं ती पाळली!

मी पाचवं पाकीट फोडून बघितलं. ऐका: ‘राजू, पाढे म्हण. छकुली, मातीत खेळू नकोस, नखं दाखव आजीला. दूध संपवा. आजीला त्रास देऊ नका. तुमची आई.’ वहिनी, ही चिठ्ठी आहे की शाळेतली नोटीस? मी खूप हसले आणि मग खूप रडले. मी दरवाज्यात उभी राहून पदराला डोळे पुसत होते, आणि आत्ताचा राग, आठ वर्षं धरलेली भीती, सगळं निघून चाललं होतं. माझ्या पोटात माया आहे, हे सगळ्या जगात एकट्या तुम्हांला खात्रीने माहीत होतं. आणि मी समजत होते की तुम्ही मला नावं ठेवता!

मग एवढं तरी सांगा, मला कधी बोलला का नाहीत? संसाराच्या सतरा वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतंत, ‘तुझं मन मला कळतं.’ चहा पांचट झाला की ते लगेच सांगायचात! मी रागावेन, अशी भीती वाटली का तुम्हांला? रागावलेच असते म्हणा. सून तुमची, स्वभाव तुमच्यासारखाच. पोटात माया आणि तोंडात नखं-दूध-पाढे. तुम्हीसुद्धा हवी तेवढी माया बोललात ती माझं नाव पुढे करूनच ना? तुमच्या स्वतःच्या नावावर एक तरी वाक्य बोललात का?

आता शेवटचं सांगते. संध्याकाळच्या बसने आम्ही देवासला परत निघालो. बारा वर्षांची छकुली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. अचानक म्हणाली, “आई, तुझी सिंगापूरची पत्रं आजीच्या ट्रंकेत निघाली का? मला पाहिजे होती.”

मी म्हटलं, “का गं?”

“त्यात तू किती छान बोलायची! आता तशी बोलतच नाहीस.”

पुढच्या बाकावर राजू खिडकीबाहेर बघत बसला. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “निघाली नाहीत गं. हरवली बहुतेक.”

तिच्या लेखी तिची सगळ्यात मायाळू आई त्या दहा दिवसांतली आहे, जेव्हा मी तिथे नव्हतेच. खरं सांगून टाकावं, तुमचं तुम्हांला द्यावं, असं इंदूर येईपर्यंत वाटत होतं. पण मग तिच्याकडे ना ती पत्रं राहिली असती, ना ती आई.

म्हणून तुम्हांला वचन देते, वहिनी. मी तिला कधीही सांगणार नाही. राजूनेही पुन्हा शपथ घेतली आहे. पण नुसतं गप्प राहून भागणार नाही. स्वभावाला औषध नाही, रोज जमणारही नाही. परवा गणितात कमी गुण घेऊन आली तेव्हा जिभेवर आलेलं सगळं गिळलं आणि तिला जवळ घेऊन म्हटलं, “दिवसभर तुझीच वाट बघत होते गं.” ती बघतच राहिली! तोंड लाल झालं माझं. पण बोलले. असंच बोलत राहीन, ती पत्रं खरोखर माझी होईपर्यंत.

तुमची,
शालिनी