चंद्रिकेच्या वाट्याची सव्वा मूठ

२८ जुलै, सोमवार, सकाळ

ठरलं म्हणजे ठरलं. श्रावणात लोक कांदा-लसूण सोडतात, मी 'बिनसावलीची सून' सोडली. येत्या रविवारी आपली कानबाई बसणार. घरात देवी यायची आणि मी भुताटकीची मालिका बघायची, शोभतं का? ही डायरी नातवाच्या कंपनीची. योगराज म्हणाला, आजी, मालिकेची आठवण आली की यात लिहीत जा. लिहिते की! तिसरी पास आहे मी. जवळजवळ पास.

त्याच दिवशी, संध्याकाळी आठ

बघितली नाही. टीव्हीकडे पाठ करून शेंगा सोलत बसले होते. कानांना पापण्या नसतात त्याला मी काय करू? चंद्रिकेची सावली पडत नाही हे आज तिच्या सासूला कळलं. पोरीला दिव्यापुढे उभी केली! मी एकदाच वळले. फार तर तीनदा. शेंगांची टरफलं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात गेले, ते रंजनाने बघितलं. सून आहे, बघणारच.

२९ जुलै, नागपंचमी

श्रावण नक्की कधी लागतो यावर मतभेद आहेत. समोरच्या यूपीवाल्यांचा पंधरा दिवस आधीच लागला. त्या हिशेबाने अर्धा महिना न सोडताच गेला. उरलेला अर्धा सोडून कसलं पुण्य?

आज समोर बसून बघितली. अहाहा! सासूने मांत्रिक आणला. रविवारी महाएपिसोडमध्ये चंद्रिकेला बरणीत बंद करणार. लोणच्याच्या बरणीत! मी ओरडले, पळ व माय! रंजनाच्या हातून ताट पडलं. म्हणाली, आत्याबाई, मला एकशेदोन ताप होता तेव्हा नुसतं 'गोळी घे' म्हणालात. आता ताप आणि मांत्रिक सारखे का?

१ ऑगस्ट, शुक्रवार

रोटाचे गहू काढले. आमच्या भावकीत घरच्या प्रत्येक माणसामागे सव्वा मूठ गहू. त्या पिठाचे कानबाईचे रोट. ते घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. आम्ही पाच जण. मी, आमचे हे, लेक सुकदेव, रंजना, योगराज.

रंजना दूध घ्यायला दारात गेली तेवढ्यात मी सहावी टाकली. चंद्रिकेच्या नावाची. कानबाईला सांगितलं, बाई, पोरीला बरणीतून वाचव, आजपासून ती आमच्या घरची. माहेरचं कुणी दाखवलेलंच नाही तिचं. कुणाला कळणार नाही. सव्वा मूठ ती केवढी!

२ ऑगस्ट

दळण झालं. हे म्हणाले, औंदा पीठ जास्त दिसस. मी म्हटलं, पावसाळ्यात फुगतं. सुरतेच्या उधन्यात चाळीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये काढली, पिठातलं काय कळतं ह्यांना.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. काय रूप! पण बसली नेमकी टीव्हीच्या कोपऱ्यात. टीव्ही कपाटावर, तोंड भिंतीकडे. मी अगदी शांत. सात वाजता शेजारच्या पार्वतीकडे विड्याची पानं आणायला गेले. पानं नव्हती. टीव्ही होता.

मांत्रिकाने झाकण उघडलं. चंद्रिकेचा धूर झाला. धूर बरणीत गेला. माझा जीव गेला. आणि मग बरणी फुटली! खळ्ळकन! केस तोंडावर, पण उभी! मी आणि पार्वतीची सासू, दोघींनी फुगडी घातली. तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत.

घरी आले तर आरती उरकलेली. मी दारातूनच ओरडले, पावली व माय, पावली! रंजनाने हात जोडले. म्हणाली, योगराज परमनंट झाला का? तो नवस घरात सगळ्यांनी केला होता म्हणे. मी म्हटलं, तेही होईल.

४ ऑगस्ट

सकाळी वाजतगाजत कानबाई तापीत शिरवली. सर्वांत जास्त कोण नाचलं ते लिहीत नाही.

संध्याकाळी चंद्रिकेने केस मागे केले. दुसरीच पोरगी! नाक दुसरं, हनुवटी दुसरी. सासू तिला खुशाल चंद्रिका म्हणतेय. योगराजने मोबाइलवर शोधून सांगितलं, जुनी दुसऱ्या चॅनलवर गेली, आजी. तिथे ती पोलीस आहे. दाखवली त्याने. ऊन लख्ख आणि सावली ही एवढी लांब!

५ ऑगस्ट

जादाचे रोट मी गुपचूप खाऊन टाकणार. सोपं आहे.

६ ऑगस्ट

सोपं नाही. रोट जाड, दात चार. शिवाय रंजनाने मोजले. एका माणसाचा वाटा जास्त कसा, म्हणाली. मी मान ताठ ठेवून सगळं सांगितलं. सुकदेव उठून बाहेर गेला, हसायला. हे म्हणाले, टीव्हीमधल्या बाईले भूक लागत नही, तिना वाटा तूच खाय.

रंजना हसली नाही. म्हणाली, मी लग्न होऊन आले त्या वर्षी माझी मूठ घ्यायला विसरला होतात तुम्ही. सगळ्यांच्या वाट्यातला तुकडा तुकडा खाल्ला मी.

मला आठवत नाही असं मी म्हणाले. आठवतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या पौर्णिमा. दोन रोट शिल्लक. साडेसातला टीव्ही लावला तर रंजना शेजारी येऊन बसली, मांडीवर दोन वाट्या. दोन्ही रोट दुधात कुस्करलेले. एक वाटी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, सांगा, कोण कुणाची कोण?

मी पहिल्या भागापासून सांगितलं. ती म्हणाली, जुनीच बरी होती. बघितली नव्हती तिने कधी, तरी बरोबर बोलली! माझ्या हाताखाली तयार झालीय. तिला म्हटलं, आता रोज दोघी बघू, तुला सगळं समजावीन, पुढचं मला आधीच कळतं.

तेवढ्यात सगळे जण हात जोडून ओळीने उभे राहिले. सासू, मांत्रिक, नवी चंद्रिका. मालिका संपली. सोमवारपासून त्या वेळेला केसांच्या तेलाचा कार्यक्रम.

मी विचारलं, आता साडेसातला करायचं काय?

रंजना म्हणाली, भांडी.