प्रभाची रबरी वाटी

रविवार, ६ डिसेंबर १९७०

प्रभा वेडी आहे! ठार वेडी!

माझी शाळेतली मैत्रीण, चार वर्षांनी अमेरिकेहून आली. नवरा तिकडं डॉक्टर. खास मला भेटायला म्हणून पेठेत आमचं घर शोधत आली, आणि आणलं काय? साडी नाही, सेंट नाही. एक मऊ, रबरासारखी, लांबोडकी वाटी. मला वाटलं देवाला फुलं वाहायची असेल. "देवघरात ठेवू का गं?" म्हणून विचारलं, तर ही हसून हसून खाली बसली. मग कानात म्हणाली, "ते दिवस आले की आत घालायची. घड्या नकोत, कापड नको, काही नको. भरली की रिकामी करायची."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत, मालती!"

कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. शाळेत मुलींना पचनसंस्था शिकवते मी, आणि हे ऐकून घाम फुटला. बाहेर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडत होत्या. "कसली खुसुखुसु चाललीया गं दोगींची?" प्रभा गंभीर चेहरा करून म्हणाली, "हवापाण्याचं बोलतोय, आत्या."

तिकडं बायका ही एकदा वापरतात आणि टाकून देतात म्हणे! टाकून! धड वाटी! मी म्हटलं, आमच्याकडं काही असं टाकत नसतात. मग म्हणाली, नीट धुऊन घे, वर कढत पाणी ओत. म्हणजे वापरणार असं कबूल केल्यासारखंच झालं की ते.

मंगळवार, ८ डिसेंबर

वाटी ट्रंकेत, शालूच्या खाली. वापरणार नाही. नाहीच.

बुधवार, १६ डिसेंबर

आलीच पाळी. पहाटे कळलं. आत्यांना सांगितलं, "कावळा शिवला." त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि घोंगडी बाहेरच्या खोलीत दाराजवळ टाकली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. तीन दिवस चुलीला, माठाला, ह्यांच्या कॉटला शिवायचं नाही. शाळेत मात्र जायचं! शाळेला विटाळ नाही. पगारालाही नाही. हे मी मोठ्यानं बोलत नाही, इथंच लिहिते.

मला बसण्याचं काही वाटत नाही. खोटं कशाला, पाठ टेकायला मिळते. वाटतं ते वेगळंच. दाराजवळ बसलं की येणारी-जाणारी प्रत्येक बाई बघते. दूधवाली बघते, शेजारची गौरम्मा बघते. कुणी काही बोलत नाही. पण सगळ्यांना कळतं, मालतीचं याही महिन्यात काही नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, महिन्याच्या महिन्याला ही दवंडी. आणि आत्यांचं ते "बरं"! रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांचा चेहरा नुसता विझतो.

हे संध्याकाळी आले, उंबऱ्यातून माझ्याकडं बघून हसले. जवळ येता येत नाही ना.

गुरुवार, १७ डिसेंबर

काय सांगू! काय सांगू आता!

काल शाळेत पाचवीच्या वर्गात उभी होते, घडी सरकली. मांड्या सोलून निघालेल्या. शाळेत बायकांसाठी म्हणून जी मोरी आहे तिला दार नाही. खुर्चीत बसून उरलेला तास घेतला आणि शेवटची मुलगी जाईपर्यंत उठले नाही. तेव्हाच ठरवलं, उद्या प्रभाची वाटी.

आज न्हाणीत कडी लावून घातली. पहिल्यांदा गेली नाही. दुसऱ्यांदा हातातून सटकून टपकन दगडावर. तिसऱ्यांदा गेली! उभी राहिले, चालले, खाली बसले. काहीच नाही! जणू काही झालंच नाहीये मला. मांड्या मोकळ्या. मी न्हाणीत एकटी नाचले, खरं सांगते.

आणि संध्याकाळी — निघेचना!

बोटाला लागायची आणि निसटायची. घाम फुटला. डोळ्यांपुढं चित्रं यायला लागली. सरकारी दवाखाना, डॉक्टर पुरुष, हे बाहेर बाकावर, आणि केसपेपरवर लिहिलेलं, 'वाटी अडकली.' रडायलाच आलं. बाहेरून आत्या, "पानी सपलं का गं? किती येळ?" मी म्हटलं, "आले, आले!" आणि खोकला आला जोरात. त्या खोकल्यासरशी खाली सरकली. प्रभानं सांगितलं होतं की, उकिडवी बस आणि जरा जोर दे. घाबरल्यावर आठवतंय कुणाला!

शुक्रवार, १८ डिसेंबर

आज पटकन जमलं. फक्त एक पंचाईत — धुवायला घड्याच नाहीत! आत्या दोरीकडं बघणार. मग कोऱ्या घड्या पाण्यात बुचकळल्या, पिळल्या आणि जुन्या लुगड्याखाली वाळत घातल्या. सोंग बघा माझं.

बुधवार, १३ जानेवारी १९७१

भोगी. उद्या संक्रांत. गावात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. आणि आज सकाळी पाळी आली.

गेल्या संक्रांतीलाही अशीच आली आणि बाजूला बसले होते. घरात हळदीकुंकू, सगळ्या पेठेतल्या बायका दारातून आत, आणि दाराजवळ घोंगडीवर मी. एकीनं तर पायातली चप्पल सांभाळून माझ्या ताटाला वळसा घातला. आत्यांना विधवा म्हणून चालत नाही, तर शेजारच्या गौरम्मानं सगळ्यांना वाण दिलं आणि "सून?" कुणी विचारलं की आत्या डोळ्यांनी माझ्याकडं दाखवायच्या.

मी कुणालाच सांगितलं नाही. वाटी घातली, आंघोळ केली, बाजरीच्या भाकरीला तीळ लावायला बसले. देवा, तुला राग आला तर माझ्यावर काढ. आत्यांवर नको.

गुरुवार, १४ जानेवारी

काही झालं नाही. दिवा विझला नाही, दूध नासलं नाही. काळी चंद्रकळा नेसून मी स्वतः सुगडं मांडली, बायकांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. गौरम्मा म्हणाली, "आज मालती लई ग्वाड दिसतीया." आत्या माझ्याकडं सारख्या बघत होत्या. रात्री कॉटवर ह्यांच्या शेजारी झोपले. ह्यांना काही माहीत नाही. मी सुखानं झोपले.

रविवार, ३१ जानेवारी

हे काय होऊन बसलं!

आत्यांनी आज मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं. माझ्या गालावरून हात फिरवला. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "पोरी, ह्या म्हयन्यात तू बाजूला बसली न्हाईस."

मी चुलीतलं लाकूड उगाच मागं ओढलं.

"मी बोलली न्हाई. दृष्ट लागंल म्हनून गप बसली. संक्रातीलाच मला वाटलं हुतं. तुज्या तोंडावर तेज हुतं." आणि डोळे भरून आले त्यांचे. "कुनाला सांगू नगंस आत्ताच. तीन म्हयनं जाऊ दे."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण त्यांचा हात गालावरच होता. मग मिटलं.

मंगळवार, २ फेब्रुवारी

सकाळी ताटात दोन धपाटी, वर लोण्याचा गोळा. मंद्रूपहून महिपती भावजींनी, ह्यांच्या चुलतभावानं, हुरडा पाठवला, त्यातला कोवळा माझ्यासाठी वेगळा काढून ठेवलेला. संध्याकाळी शाळेतून आले तर आत्या पाय दाबायला बसल्या! मी पाय ओढून घेतले तर म्हणाल्या, "गप की! नातवाचं पाय दाबतीया मी."

किती बरं वाटलं! माझी आई गेल्यापासून कुणी पायाला हात लावला नव्हता. हे प्रेम माझं नाही, दुसऱ्याच्या नावावर आलेलं आहे. तरी मी घेते आहे.

उद्या सांगेन.

बुधवार, ३ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

रविवार, ७ फेब्रुवारी

आत्यांच्या पोटात राहिलं नाही, ह्यांना सांगितलं. हे बाजारातून आले ते पिशवीत चिंचा, आवळे, कैऱ्या — कैऱ्या या दिवसांत कुठं मिळाल्या कोण जाणे! पिशवी माझ्यापुढं ठेवली आणि शेजारी बसले. जिल्हा परिषदेतला हा एवढा कडक कारकून, आणि हाताची बोटं कशी चुळबुळत होती. मी एक आवळा खाल्ला.

बुधवार, १० फेब्रुवारी

आली. वेळेवर. कधी नव्हे ते वाटलं होतं, न जाणो, खरंच काही... वेडी मी पण!

वाटी घातली आणि न्हाणीतच रडत बसले. हे दाराशी आले, "मालती?" म्हणाले. मग दार उघडलं आणि सगळं सांगितलं. प्रभा, वाटी, संक्रांत, सगळं. ह्यांना आधी कळेचना. दोनदा समजावलं. मग न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसले.

म्हटलं, "रागावा तरी."

"रागावू कशावर? मला वाईट वाटलं, एवढंच. जाईल ते." मग म्हणाले, "मला तू आहेस. पण आईला तूच सांग. माझ्याच्यानं होणार नाही." आणि माझं नाक स्वतःच्या रुमालानं पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं. माझा फार जीव आहे ह्या माणसावर. कधी म्हणत नाही, लिहिते.

रविवार, १४ फेब्रुवारी

नळाला पाणी आलं. मी हंडा घेऊन निघाले तर आत्यांनी हिसकावून घेतला. "तू न्हाई उचलायचा. खबरदार!" दोन हंडे आणले. तिसरा दारात खाली ठेवला आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या. ओटीपोट धरून. चेहरा पांढरा पडलेला, ओठ दातांत.

"काय होतंय आत्या?"

"काय न्हाई. वात हाय. तू आत जा, वाकू नगंस."

माझ्या खोट्यापायी साठीची बाई हंडे उचलते आहे! बस झालं. उद्या. मेले तरी उद्या.

सोमवार, १५ फेब्रुवारी

सांगितलं.

शाळेतून आल्या आल्या, चप्पलसुद्धा काढली नाही. त्या वाती वळत होत्या. म्हटलं, "आत्या, काही नाहीये. मी फसवलं तुम्हाला." आणि ट्रंक उघडून वाटी समोर ठेवली. कशाची, कुठं घालायची, तेही सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर थांबताच येईना.

त्यांनी वातीचा कापूस खाली ठेवला. पहिला प्रश्न मुलाचा नव्हता. "संक्रातीला?"

"हो."

"तसल्यात तू सुगडाला हात लावलास? बायास्नी कुकू लावलंस?"

"हो आत्या."

वाटीकडं बघत राहिल्या. मला वाटलं उचलून रस्त्यावर फेकतील. फेकली नाही. उठल्या आणि देवघरासमोर जाऊन माझ्याकडं पाठ करून बसल्या. जेवल्या नाहीत.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

बोलत नाहीत. धपाटी नाहीत ते सोडा, 'माले' अशी हाकही नाही. मी स्वयंपाक केला तर त्यांनी स्वतःची भाकरी वेगळी थापली. ह्यांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला. "तुज्या बायकूला इचार," एवढंच म्हणाल्या. हंडे मीच आणले. तेवढं एक बरं झालं.

गालावरचा तो हात आठवतो. नसता मिळाला तर कळलंही नसतं की तो असतो.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

आज भाजी निवडताना एकदम म्हणाल्या, "ती वाटी... दुकत न्हाई?"

मी दचकले. म्हटलं, "नाही. पहिल्यांदा भीती वाटली."

"आनि निगती? रोजच्या रोज?"

"निघते. आता जमतं."

मेथी निवडून झाली, तरी काड्या निवडत बसल्या होत्या.

रविवार, २१ फेब्रुवारी

हे बाहेर गेलेत बघून आत्यांनी मला न्हाणीत बोलावलं. आतून कडी लावली. भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "माज्या बी आत हाय. रबराचं कडं."

ह्यांच्या पाठचं मूल गेलं तेव्हापासून अंग बाहेर यायचं. सरकारी दवाखान्यात ते वर धरायला कडं बसवून दिलं, अधूनमधून दाखवायला या म्हणाले. लाजेनं परत गेल्याच नाहीत. माझ्या लग्नाच्या आधीपासून आत आहे. आता दुखतं, रक्त जातं. नवऱ्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं, लेकाला ठाऊक नाही. देवाला शिवताना रोज वाटतं, आपण कायमच्या बाहेर बसलेल्या. "कुनाला सांगनार हुती, माले?"

मग माझा हात धरला. "तुजा हात बसलाय. काडून दे की."

मी म्हटलं, असं घरी नाही ओढायचं. उद्या शाळेत रजा टाकते, डॉक्टरीणबाईंकडं जाऊ.

"तू आत येशील न्हवं? पार आतपतुर?"

येईन म्हटलं.