लॉन्ड्रीच्या वरचे रणगाडे

मी, धंद्याने कवळ्या करणारी कारागीर, वय वर्षे चोपन्न, राहणार लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. या घरात दडपण आणण्याचे खाते पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. शुद्धीत असल्याचा दाखला दातांच्या डॉक्टरांनी दिला तर चालेल का, असे मी वकीलबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "अहो, डोक्याचा लागतो, जबड्याचा नाही." तो वेगळा आणून सोबत जोडला आहे.

पुढच्या आठवड्यात माझे पोट उघडायचे आहे. सर्जन आशावादी आहेत. पोट त्यांचे नाही, तेव्हा त्यांना ते परवडते. मी लिहून ठेवते.

१. माझ्यामागे वारस दोन. एक माझे यजमान, जे खाली लॉन्ड्री चालवतात. दुसरा माझा मुलगा, जो दूरच्या शहरात अकराव्या मजल्यावर राहतो. मुलगा चांगला आहे. हे आधीच लिहिते, कारण पुढे ते कोणाच्या लक्षात राहणार नाही.

२. घर. खाली दुकान आणि वर दोन खोल्या, ही मिळकत मला माझ्या वडिलांकडून आली असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती विकावी आणि यजमानांना आपल्याकडे न्यावे, असा मुलाचा बेत आहे. मागच्या रविवारी त्याने तो माझ्यासमोरच मांडला. ‘आईनंतर’ म्हणायला जीभ रेटेना, म्हणून ‘पुढेमागे’ म्हणाला.

"बाबा, तिकडे लिफ्ट आहे. खाली बाग आहे. सकाळी तुमच्या वयाची माणसं फिरतात."

"बरं आहे," यजमान म्हणाले.

"कपडे धुवायचं मशीन तर इतकं भारी आहे, की बटण दाबलं की सुकूनच बाहेर."

"अरे वा."

"मग पुढेमागे यायचं ना?"

"तुम्ही म्हणाल तसं."

मुलगा माझ्याकडे वळला. "बघ आई. बाबा तयार आहेत. तूच उगीच."

मुलगा स्टेशनवर गेल्यावर यजमान खाली उतरले. दुकानाला सुट्टी होती. त्यांनी शटर अर्धे वर केले आणि आदल्या दिवशी घड्या घालून ठेवलेल्या चादरी उलगडून पुन्हा घड्या घातल्या. सगळ्या. मी वरून जिन्यात उभी राहून पाहत होते. त्यांनी मला पाहिले नाही, आणि पाहिले असते तरी ‘काही नाही गं’ म्हणाले असते.

वकीलबाईंचा सल्ला असा, की घर सरळ यजमानांच्या नावावर करून मोकळे व्हावे. झालेही असते. पण माझ्या यजमानांपुढे कोणी कागद धरला, की ते पेन शोधू लागतात. आमच्या दोन खोल्यांत पाणी शुद्ध करायची तीन यंत्रे आहेत. दारावर आलेला प्रत्येक पोरगा उन्हातून आला होता, एवढेच त्याचे कारण. मुलाने विक्रीचा कागद पुढे केला तर ते सही करतील आणि वर त्यालाच विचारतील, "नीट आली ना?"

सबब, यजमान हयात असेपर्यंत घर व दुकान त्यांच्या वहिवाटीत राहील. ते विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. त्यांच्यानंतर सर्व मुलाचे. यजमानांनी स्वतः होकार दिला तर मात्र आधीही विकता येईल. होकार कशाला म्हणावे, ते कलम सहामध्ये.

३. बँकेतली ठेव यजमानांना. पासबुक कुठे आहे हे त्यांना माहीत नाही, वकीलबाईंना आहे. बांगड्या सुनेला. ती मला मनापासून आवडते असे नाही, पण गेल्या खेपेला ‘आई, तुम्हाला भीती वाटते का?’ हे तिने एकटीनेच विचारले. दातांच्या डॉक्टरांना काही नाही. त्यांच्या पेशंटांच्या हसण्यात माझे बरेच काही आधीच गेले आहे, आणि त्यावर नाव डॉक्टरांचे आहे.

४. हत्यारे. घासायचे मशीन, कॉम्प्रेसर, रंगाचा फवारा, मेणाच्या सुऱ्या, चिमटे व ब्रश रविवारच्या मॉडेल मंडळात प्लास्टिकच्या गाड्या-विमाने जोडायला येणाऱ्या पोरांना द्यावेत.

५. रणगाडे. नग सत्तेचाळीस, खऱ्याच्या पस्तीसपट लहान, प्लास्टिकचे, तीन काचेच्या कपाटांत. याची सुरुवात मुलापासून झाली. शाळेत असताना त्याला रणगाडा जोडायच्या तुकड्यांचा एक खोका आणून दिला होता. चाके चिकटवून झाली आणि चिरंजीवांचा उत्साह संपला. अर्धवट काम माझ्याच्याने बघवत नाही. मी तो पुरा केला, हिरवागार रंगवला आणि यजमानांना दाखवला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन फिरवून पाहिला, गिऱ्हाइकाची कॉलर पाहतात तसा.

"छान झालाय. पण हा कुठे गेलेला दिसत नाही."

"म्हणजे?"

"अगं, वापरलेली वस्तू सांगते ना, कुठे वापरली ते. पँट घे. चिखल घोट्याशी, तोही आतल्या बाजूनं. धूळ गुडघ्याला. खिशाच्या कडेला तेलकट, कारण हात तिथं जातो. तुझ्या गाडीवर माणसं चढतात कुठून?"

मी बोटाने जागा दाखवली.

"मग तिथला रंग आधी गेला पाहिजे."

त्या दिवसापासून यजमान खाली डाग काढतात आणि मी वर डाग पाडते. स्पंजच्या तुकड्याने रंग उडाल्याचे ठिपके, तेलरंगाच्या पातळ ओघळांतून गंज, आणि चिखलासाठी कवळीच्या साच्याचे प्लास्टर, त्यात खडूची पूड. एकेक रणगाडा घेऊन मी जिना उतरते आणि ते सांगतात: हा पावसातून आला पण थांबला नाही, याच्यावर कोणीतरी बसून जेवत होते, याचा चिखल दोन गावांचा आहे, एकाच रंगाचा कसा? दुसऱ्याच्या डागांवर ते तासभर बोलतात. स्वतःबद्दल विचारले की एक शब्द, फार तर दीड.

मंडळाचे सेक्रेटरी, ज्यांना आम्ही सगळे खिळेमोजे म्हणतो (त्यांच्या पाठीमागे, आणि आता इथे), यांचे म्हणणे वेगळे. एका प्रदर्शनात ते भिंग घेऊन माझ्या रणगाड्यापाशी वाकले.

"बाई, या चाकाला बोल्ट आठ असतात. मला सहाच दिसतात."

"दोन चिखलाखाली आहेत."

"कशावरून?"

"धुऊन बघा. आमची लॉन्ड्री आहे, घरपोच देऊ."

बक्षीस दुसऱ्याला गेले. त्या रणगाड्याला बोल्ट सगळे होते, फक्त तो असा चकचकीत होता, जणू साहेबांच्या गॅरेजमधून बाहेर पडायला परवानगीच मिळाली नव्हती. तेव्हापासून खिळेमोजे दर भेटीत म्हणतात, "तुमचा संग्रह मंडळाकडे यायला हवा. आम्ही नीट नंबर घालून ठेवू." वकीलबाई म्हणाल्या, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये. हे कळताच पहिला साक्षीदार म्हणून मी खिळेमोज्यांनाच निरोप पाठवला. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आहेत.

आता खरे सांगायचे ते. या कागदाच्या पहिल्या मसुद्यात मी एक युक्ती केली होती. रणगाडे या खोलीतून हलवू नयेत आणि त्यांची देखभाल यजमानांनीच करावी, अशी अट घातली होती. ‘बाबांना हलवू नकोस’ असे लिहिले तर मुलगा म्हणेल, आई शेवटी हळवी झाली. ‘रणगाडे हलवू नकोस’ असे लिहिले तर म्हणेल, आईचे डोके आधीपासूनच तसे, आणि ऐकेल. वकीलबाईंना ही युक्ती फार आवडली.

मसुदा टेबलावर राहिला आणि यजमानांनी वाचला. दुसऱ्या दिवशी मी खोलीत आले तर कपाटे उघडी, यजमानांच्या हातात माझा सर्वांत मऊ ब्रश, आणि कपाळाला आठ्या.

"अगं, ही वरची धूळ तू लावलेली की आपोआप बसलेली? कुठली झटकायची?"

"कशाला झटकताय?"

"नाही, पुढे मलाच बघायचंय ना. तेव्हा विचारणार कोणाला?"

तो मसुदा मी त्यांच्यासमोर फाडला. मुलगा त्यांना अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवतो आणि मी कपाटापाशी नेऊन ठेवते, यात फरक फक्त मजल्याचा. सबब सत्तेचाळीसही रणगाडे यजमानांना, विनाअट. ठेवावेत, वाटावेत, मोडीत घालावेत. धुतले तरी माझी हरकत नाही.

६. होकार. कलम दोनसाठी यजमानांच्या तोंडचे पुढील शब्द होकार धरले जाणार नाहीत: ‘तुम्ही म्हणाल तसं’, ‘बरं आहे’, ‘बघू’, ‘माझं काय’, ‘तुमची सोय बघा’. मान हलवणे, मग ती कोणत्याही दिशेने हलो, होकार नाही. गप्प बसणे होकार नाही. आमच्या घरात सर्वांत जास्त गैरसमज त्यानेच झाले आहेत. नुसती सही तर मुळीच नाही. कारण वर आले आहे, तीन यंत्रांच्या रूपाने.

होकार म्हणजे ‘मला’ या शब्दाने सुरू होणारे वाक्य, आणि ते कोणी न विचारता. ‘मला इथून जायचंय’ असे ते आपणहून म्हणाले, तर घर बेलाशक विकावे आणि त्यांना त्यांचे सामान त्यांनाच भरू द्यावे. माझ्या आठवणीचे निमित्त करून कोणी अडवू नये. ‘मला इथेच राहायचंय’ असे म्हणाले, तर चिरंजीवांनी ते ऐकावे, जेवावे आणि गाडी पकडावी. यांतले काहीच म्हणाले नाहीत, तर जसे आहे तसे चालू द्यावे.

मुलगा म्हणेल, बाबांना असे बोलताच येत नाही. येते. लग्नाआधी मी कवळ्यांच्या ज्या लॅबमध्ये काम करत होते, तिथे ते धुतलेले पांढरे कोट पोचवायला यायचे. एका दुपारी कोट खुंटीला लावून झाले तरी ते गेले नाहीत. माझे दोन्ही हात साच्याच्या ओल्या प्लास्टरमध्ये मनगटापर्यंत बुडालेले होते. म्हणाले, "मला तुमच्याशी लग्न करायचंय." त्यांना कोणी काही विचारले नव्हते. साचा हातात असताना मला बोलता येत नाही, म्हणून तो घट्ट होईपर्यंत मी गप्प होते, आणि तेवढा वेळ ते दारात उभे होते. त्याआधी पुष्कळ महिने ते नुसते कोट आणून देत होते.

तेव्हा चिरंजीवांनी वाट पाहावी. वेळ लागेल.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतःच्या अक्षरात लिहिले, वाचून पाहिले, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत खाली सही केली.

सही : कवळ्या करणारी

साक्षीदार १ : सेक्रेटरी, रविवार मॉडेल मंडळ
साक्षीदार २ : लॉन्ड्रीतले इस्त्रीवाले काका

स्थळ : लॉन्ड्रीच्या वरची, रस्त्याकडची खोली
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यातला, सोमवार, दुकान उघडण्यापूर्वी