तीनशे एकोणचाळीस

मंगळवार, पावणेचार

लतिका,

मी रेवतीला शोधायला चाललोय. तुझ्या ऑफिसला तीनदा फोन लावला, सारखा एंगेज लागतोय.

दुपारी शाळेच्या ऑफिसातून तिचा फोन आला, स्कूलबस बिघडलीय, घरी कशी येऊ? सातवीतली मुलगी, येईल एकटी, म्हणून मी ऐटीत सांगितलं, "तीनशे एकोणचाळीस पकड आणि मयूर विहारला उतर." ती "अच्छा आजोबा" म्हणाली आणि फोन ठेवला. अर्ध्या तासाचा रस्ता, आता दीड तास होत आला.

मग मला रविवारची वही आठवली. मी तिला अक्षरी मराठी आकडे अंकांत लिहायला घातले होते. उघडून बघतो तर एकोणचाळीससमोर पोरीने ४१ लिहिलंय. चाळीस आणि वर एक, तिचं तरी काय चुकलं? पहाडगंजच्या मराठी शाळेत आम्ही हे आकडे सुरात घोकले. तिच्या शाळेत ते कोणी उच्चारतही नाही. आणि तीनशे एक्केचाळीस जाते नोएडाच्या नव्या सेक्टरांकडे, जिथे अजून धड पाट्याही लागलेल्या नाहीत.

तू कितीदा म्हणालीस, बाबा, निदान नंबर तरी इंग्लिशमध्ये सांगत जा. मीच हटून बसलो.

मी त्याच बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जातोय. तू घरातून हलू नकोस. तिचा फोन आला तर आधी रागावू नकोस. आहेस तिथेच थांब म्हणावं, आजोबा थ्री फॉर्टी वनने येतायत.

बाबा