डाग कुणाचा

प्रिय ताई,
धाकटीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

आमच्या प्रयोगशाळेतलं नवं यंत्र स्तनात प्रकाश सोडतं आणि त्यानं रक्तातून उठणारा बारीक आवाज टिपून चित्र काढतं. जोडीला सोनोग्राफी असतेच. चित्र कितपत स्पष्ट येतं ते पाहायला परवा मीच टेबलावर झोपले. पडद्यावर ठळक डाग उमटला आणि सगळ्यांना ती गाठच वाटली.

आमच्या मॅडम मात्र चित्राला भुलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा जेल लावलं, यंत्र इकडेतिकडे सरकवून पाहिलं. मग म्हणाल्या, "गाठ असती तर जागेवर राहिली असती. हा यंत्राबरोबर सरकतोय. डाग आमच्या चित्रात आहे, तुझ्यात नाही." नंतर तो आला कुठून हे शोधताना त्या जेवायचंही विसरल्या. अशा माणसापुढे मान आपोआप लवते.

भाऊजींचा खोकला थांबला का?

आणि तुझ्या काखेतली गाठ? मुलांच्या परीक्षा झाल्या की दाखवीन म्हणाली होतीस. परीक्षा तर कधीच संपल्या. या आठवड्यात जा. आत जाताना भीती वाटली तर मला फोन लाव, हातातलं काम टाकून उचलीन.

तुझीच,
धाकटी