शिक्का घरी आणणाऱ्या हेडमास्तरांना

बाबा,

तुमचा फोटो शाळेच्या ऑफिसात माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे लावलेला आहे. कुठल्याशा कार्यक्रमात तो लावला, हार घातला, आणि नंतर तो हार कोणी बदलला नाही. मी या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून आले त्या दिवशी आमच्या शिपाईमामांनी मला हाताला धरून तो दाखवला. त्यांना वाटलं मला भरून येईल. मी म्हटलं, भिंतीला ओल आहे, काढून ठेवू या का? ते इतके दुखावले की पुढे मी तो विषय काढला नाही. म्हणजे आता रोज तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहून मी काय लिहिते ते बघता, घरी बघायचात तसेच. ऑफिसात येणारा प्रत्येक जुना माणूस आधी तुम्हाला हात जोडतो आणि मग माझ्याशी बोलतो. बोलतो तेही एकच. "सरांच्या काळात शाळा कशी भरून राहे." भरून राहायची, हो. पण ती कशी भरायची ते मला पक्कं माहीत आहे, कारण ते सगळं आपल्या स्वयंपाकघरात ठरायचं.

निकाल वाटून झाले की त्या संध्याकाळी तुम्ही शाळेचा गोल शिक्का आणि शाईचं पॅड रुमालात बांधून घरी आणायचात. फळीवर पोह्यांच्या डब्यामागे ते गाठोडं उन्हाळाभर असायचं आणि आईलाही त्याला हात लावायची मनाई होती. शिक्का शाळेत नाही म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणजे दुसरी शाळा मुलाला घेणार नाही. आईबाप चकरा मारून थकतील आणि शाळा उघडली की मूल आपोआप तुमच्याच वर्गात येऊन बसेल, असा तुमचा साधा हिशेब. आपली गल्ली हातमागांची. बाप मागावर, आई सुताच्या कांड्या भरतेय, सकाळपासून घराघरात ठकठक चाललेली. त्या माणसांना नियम विचारायला कोण जाणार होतं? ती आपल्या दाराशी यायची. तुम्ही आत जेवत असायचात आणि मला पुढे पाठवायचात. "सांग, बाबा घरी नाहीत. बाहेरगावी गेले." मी जाऊन सांगायचे. दारातून तुमच्या चपला दिसत असायच्या, समोरच्या माणसालाही दिसायच्या, आणि तरी तो मान हलवून जायचा. मास्तरचं नाव मोठं. आई एकदाच बोलली, भात वाढता वाढता. "पोरीले खोटं बोलाले कायले लावता? सोता जाऊन सांगा न, देत नाही म्हणून." तुम्ही ताट सरकवलंत. "पट राहीन तं शाळा राहीन, शाळा राहीन तं हे ताट राहीन. आज एक सोडला तं उद्या गल्ली खाली होते. तुले काय समजते त्यातलं?" ताट सरकवलंत खरं, पण मग ओढून घेऊन पोटभर जेवलातही.

मला राग आहे तो सगळ्यांसाठी नाही. खरं सांगायचं तर एकीसाठी आहे. माझ्या शेजारी बसायची ती, मागवाल्यांची मुलगी, गणितात माझ्यापेक्षा हुशार, हे तुम्हीच एकदा वर्गात म्हणाला होतात आणि मी घरी येऊन रडले होते. तिच्या बापाचं इथे भागेना म्हणून तो नागपूरला यंत्रमागावर गेला आणि बायकोमुलीला बोलावून घेतलं. तिची आई दाखल्यासाठी मागे थांबली. किती वेळा आली असेल. शेवटी तिला वाटलं, मास्तरला काहीतरी द्यावं लागतं, म्हणून एक दिवस स्वतः विणलेलं काठाचं उपरणं घेऊन आली. त्या दिवशी मात्र तुम्ही स्वतः उठून बाहेर गेलात. "मी लाच घेत नाही," असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालात, उपरणं तिच्या हातात परत दिलंत आणि तिला दाखल्याशिवाय वाटेला लावलंत. गल्लीत अजून सांगतात ही गोष्ट. सर किती सचोटीचे होते म्हणून सांगतात. बाई बिचारी रस्त्यात उपरणं छातीशी धरून उभी होती, आणि शरमली होती ती.

त्या दोघी दाखल्याशिवायच गेल्या. इकडे तुम्ही त्या मुलीचं नाव हजेरीतून काढलं नाहीत. रोज सकाळी तुम्ही नावं वाचता आहात, तिचं नाव येतं, वर्ग गप्प होतो, तुमचं पेन जरा थांबतं आणि हजर लावून पुढे जातं. मी रिकाम्या जागेशेजारी बसलेली आहे. तुम्ही माझ्याकडे बघत नाही. आम्हा मुलांना कोणी काही शिकवलं नव्हतं, पण त्या नावाला कोणी हूं की चूं करायचं नसतं हे सगळ्यांना कळत होतं. साहेबांची तपासणी आली, पट पाहिला, तुमची पाठ थोपटली. त्या दिवशी तुम्ही भांड्यांच्या बाजारातून माझ्यासाठी पितळेचा पेला आणलात, माझं नाव घालून. मी त्यातून पाणी प्याले नाही. आईला वाटलं मला पितळेचा वास आवडत नाही.

पुढे मोठेपणी ती शेजारी बसणारी मला गल्लीतल्याच एका लग्नात भेटली. तिथल्या शाळेने दाखल्याशिवाय घेतलं नव्हतं. एक वर्ष घरी बसली, कांड्या भरायला लागली, आणि मग शाळा राहूनच गेली. हे तिने अक्षता टाकता टाकता सांगितलं, काही विशेष नसल्यासारखं. मग विचारलं, "सर कसे हाय? तब्येत बरी राहते न?" तिने तुम्हाला शिव्या घातल्या असत्या तर मी तिच्यासोबत जेवायला बसू शकले असते. तब्येत बरी आहे म्हणून मी मांडवातून निघून आले आणि घरी येऊन तुमच्याशी बोलले नाही. का बोलत नाही हे तुम्ही विचारलं नाहीत. वर्तमानपत्र वाचत बसलात.

म्हणून या खुर्चीत बसताना मी एकच ठरवून बसले, की दाखला मागेल त्याला त्याच दिवशी, त्याच बैठकीत द्यायचा. बाकीचे मुख्याध्यापक अजून तुमच्याच वाटेने जातात, फक्त शिक्क्याच्या जागी आता सर्व्हर आला आहे. सर्व्हर बंद आहे, सोमवारी या. सोमवारी म्हणायचं मॅडम मीटिंगला गेल्या. मी असलं काही करत नाही. उन्हाळ्यात आम्ही मुलं मिळवायला घरोघर फिरतो, तुमच्यासारखंच. लोक कूलरसमोर बसवतात, थंड पाणी देतात, सरांची मुलगी म्हणून आदराने बोलतात, आणि पोरगं तेवढ्यात इंग्रजी शाळेचा नवा टाय लावून फोटो काढून आलेलं असतं. मागाची ठकठक आता एखाद्याच घरात. त्या शाळांच्या पिवळ्या गाड्या मात्र सकाळी एकामागून एक गल्लीत शिरतात आणि आमच्या फाटकासमोरून मुलं भरून नेतात. मी अडवत नाही. मला त्याचा अभिमान होता, बाबा. तुमच्या फोटोखाली बसून मी दाखल्यावर सही करायचे तेव्हा ती तुमच्या नाकावर टिच्चून केलेली सही असायची.

या वर्षी आम्हाला आधीच बजावलं आहे की पट आणखी एकाने जरी खाली आला तर शाळा बंद करून मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवतील. ज्यांना पिवळी गाडी परवडत नाही त्यांची मुलं ट्रकमधून वाट काढत जातील. आणि अशात परवा तिसरीतल्या एका मुलीची आई आली. नवरा ऑटो चालवतो, स्वतः याच शाळेत शिकलेली, तुमच्या हाताखाली. भांडायच्या तयारीनेच आली होती, पदर खोचलेला. "मॅडम, पोरीचा दाखला पायजे होता. शहापूरच्या इंग्रजी शाळेत टाकून राहिलो तिले. गाडी दारापाशी येते." शिपाईमामा दारात उभे होते. त्यांना आकडा ठाऊक होता, ते माझ्याकडे बघत राहिले. मी कपाट उघडलं, दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारून तिच्या हातात दिला. ती जागची हलली नाही.

"झालं?"

"झालं. काही राहिलं का?"

तिने तुमच्या फोटोकडे पाहिलं. "नाही, राहिलं काही नाही. सर असते तं अडवलं असतं. माह्या बाबाले सरानं लय चकरा मारायले लावल्या, म्हणून तं मी इथंच शिकली." मग दाखल्याची घडी करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले वाटलं, तुम्ही विचाराल तरी, काहून नेऊन राहिली म्हणून. आमची पोरगी तुमाले नकोच होती वाटते."

ती गेल्यावर मला आधी तुमचाच राग आला. या बाईच्या बापाला तुम्ही उन्हातान्हात दारात उभं केलंत आणि ती त्याला माया समजते आहे. असं काय करून ठेवलंत तुम्ही या माणसांचं, की कोणी अडवलं नाही तर त्यांना आपण नकोसे झालो असं वाटतं? मामांनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. आणि मग, बाबा, तुम्हाला शिव्या देऊन झाल्यावरही ती बाई काही डोक्यातून जाईना, कारण ती म्हणाली ते खरं होतं. ती का चालली आहे हे मी विचारलं नव्हतं. कोणालाच कधी विचारलं नव्हतं. मागितल्याबरोबर द्यायचा एवढंच ठरवलं होतं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. ओसरीत सासऱ्याचा जुना माग, त्यावर गोधड्या आणि ऑटोचं एक टायर. तिने पाट दिला. मी विचारलं, "काहून नेऊन राहिल्या?" ती लगेच सांगायला लागली, जसं काही दुपारपासून तोंडात धरून ठेवलं होतं. मुलीच्या मैत्रिणी मागच्या वर्षीच शाळा सोडून गेल्या. आता वर्गात ती एकटीच मुलगी, बाकी पोरं. "मधल्या सुट्टीत पोरं क्रिकेट खेळतात न मॅडम, हे पायरीवर बसून राहते. घरी येऊन बी बोलत नाही. इंग्रजीचं सोडा, मले काही इंग्रजीची हौस नाही. तिले कोणीतरी बोलणारं पायजे." ती पायरी माझ्या खिडकीतून दिसते. मी त्या मुलीला रोज बघत होते. मला वाटायचं, सावकाश जेवते.

"थांबा न," मी म्हटलं. ऑफिसातल्या भाषेत नाही, आपल्या घरच्या बोलीत. "राहू द्या न तिले. मी दुसरीच्या वर्गातल्या पोरींसंग बसवतो तिले. पाहतो मी कसं करायचं ते." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ती चहा ठेवायला उठली. "दुपारी म्हटलं असतं तं घरी बोलली असती मी. आता गाडीवाल्याले हो म्हटलं. पोरगी बी पाहून आली शाळा, दोन पोरी भेटल्या तिले तिथं." आत मुलगी कोणाला तरी त्या दोघींची नावं सांगत होती, मोठ्याने. तिचा आवाज मी शाळेत कधी ऐकला नव्हता. मी चहा घेतला आणि आले.

शाळेचं काय व्हायचं ते होईल. आदेश येईल, मग तुमचा फोटो कोणीतरी काढेल, मला सांगावं लागणार नाही. हे लिहिते आहे ते त्यासाठी नाही, आणि हे पत्र तसंही कुठे जायचं नाही. परवा त्या ओसरीत मी जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी थांबा म्हटलं. परत येताना मला जिल्हा रुग्णालयातली तुमची खाट आठवली. आई तुमच्या कानाशी हाका मारत होती, काका मारत होते, थांबा म्हणत होते. मी पायथ्याशी उभी होते. तुम्ही त्या सगळ्यांना सोडून माझ्याकडेच बघत होतात, आणि तोंड हलत होतं. मी काही म्हटलं नाही. लोकांना वाटलं धक्का बसलाय पोरीला. धक्का बसला नव्हता. तुम्ही थांबावं असं मला वाटत नव्हतं, बाबा, आणि आजही वाटत नाही. फक्त वाकून, काय म्हणताय, एवढं तरी विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही.