गच्चीवरचा स्मोकर आणि यांचे पाहुणे

ती. जयवंताताईस,

ताराचा दंडवत प्रणाम. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भाऊजींची साखर काय म्हणते? अकोल्याच्या उन्हाचं विचारत नाही, विचारून ते कमी होत नाही. इकडे अमरावतीत आम्ही ठीक आहोत. ठीक म्हणजे, मी थकले आहे आणि आमच्या उशांनासुद्धा धुराचा वास येतो.

यांनी वकिली बंद केली तेव्हापासून घरात कसं होतं ते तू पाहिलंसच. सकाळी आंघोळ करून काळा कोट घालायचे आणि झोपाळ्यावर बसायचे, बोलणं नाही की चालणं नाही. त्यात केदारने (आमचे चिरंजीव, डलासला बसून आईबापांना सुधारतात) व्हिडिओ कॉलवर त्याचा पेलेट स्मोकर दाखवला. म्हणजे झाकणाची एक मोठी लोखंडी पेटी. बाजूच्या डब्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या भरायच्या, खडूच्या तुकड्यांएवढ्या असतात. मोटर त्या हळूहळू आगीत ढकलते, पंखा वारा घालतो, आपण उष्णतेचा आकडा लावायचा आणि मांस दिवसभर धुरात शिजत ठेवायचं. (आपण दोघी रिद्धपूरच्या महानुभाव घरातल्या, साधं अंडंही माहीत नाही, आणि नवरे दोघींनाही खाणारेच मिळाले.) हे पाहून यांचे डोळे चमकले. मलाही बरं वाटलं, खोटं का सांगू.

पण घ्यायचा कोणता, यावर महिनोन्‌महिने खटला चालला. डबा मोठा की लहान, पत्रा जाड की पातळ, आकडा सांगितला तेवढाच राहतो की वर-खाली होतो. दोन्ही बाजू हे स्वतःच मांडायचे आणि न्यायाधीश म्हणून मला भाजी निवडता निवडता बसवायचे. दुकानदारांची तर फोनवर उलटतपासणी. पुण्याचा एक दुकानदार शेवटी यांचा नंबर दिसला की फोन उचलेनासा झाला. दुसऱ्याने कंटाळून मशीन पाठवलं.

पहिल्यांदा ते रिकामंच तापवायचं असतं, आतलं कारखान्याचं तेल जळून जावं म्हणून. एवढा धूर झाला की शेजारचे नत्थुजी पाण्याची बादली घेऊन गच्चीवर आले. म्हणाले, "वहिनी, वकीलसाहेब काय जाळून राहिले? केसचे कागदं असतीन तं मले द्या, रद्दीत घालतो." मग गोळ्यांचा घोळ. मूर्तिजापूरकडून यांनी स्वस्तातल्या आणल्या, त्या निघाल्या कारखान्याच्या बॉयलरच्या, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या. त्यावर भाजलेलं पनीर नत्थुजींच्या कुत्र्याने हुंगून तसंच ठेवलं. शेवटी आंब्याच्या लाकडाच्या मिळाल्या.

हे सगळं मी सोसलं. पण मागच्या रविवारी यांनी आपल्या हाताखाली शिकलेल्या चौघा वकिलांना जेवायला बोलावलं. बोकडाची अख्खी मांडी, आदल्या दिवसापासून मसाल्यात. (भांडी वेगळी, जिना वेगळा, माझा त्या भागाशी संबंध नाही.) पहाटेपासून हे मशीनसमोर. पाहुणे आले आणि लाइट गेली. लाइट गेली की मोटर थांबते, मोटर थांबली की आग विझते. म्हणून यांनी इन्व्हर्टर मशीनला जोडला आणि खाली घरातले पंखे बंद. पाहुणे घामाने निथळत बसले. मांसाच्या पोटात उष्णता मोजणारा एक काटा खुपसून ठेवलेला असतो, त्याचा आकडा मध्येच अडला तो हलेचना. तसं होतंच म्हणे, धीर धरायचा असतो. हे खाली येऊन सांगून गेले, "निकाल राखून ठेवला आहे." चौघे हसले. मग एकाला मुलीचा क्लास आठवला, एकाला पक्षकार. मी केलेलं वरण-भात आणि भरीत खाऊन एकेक करत सगळे गेले. चौघांतल्या सूर्यभानने तर यांना वर जाऊन भेटण्याचीही तसदी घेतली नाही, आणि ताई, तो आपल्या घरी राहून शिकलेला मुलगा.

संध्याकाळी मटण झालं. यांनी हाडाला नुसता हात लावला तर मांस सुटून आलं. पाच ताटं मांडलेली होती. हे म्हणाले, "तारा, मले वाटलं होतं, थांबतीन ते."

मी शेजारी बसले, यांना एकट्यालाच वाढलं. (हो, माझ्या हाताने. माहेरी कळवू नकोस.) निम्मं नत्थुजींकडे दिलं. तेव्हापासून हे पुन्हा झोपाळ्यावर.

तर ताई, भाऊजींनी यांना फोन करून समजवावं. अकोल्याच्या रस्त्यावर एक ढाबेवाला मशीन घ्यायला तयार आहे. घरातून जाऊ दे एकदाचं.

तुझी थकलेली,
तारा

ता. क. : विकायचं भाऊजींनी काढू नये. आज सकाळी मी वर गेले, तर यांनी मशीन पुसून ठेवलं होतं.

ता. क. दुसरा : येत्या रविवारी तुम्ही दोघं या. बोलावणं मी केलं असं म्हणू नकोस, भाऊजींनाच मटणाची इच्छा झाली असं सांग. तुझ्यासाठी वांगी वेगळ्या जाळीवर ठेवायला लावीन. कितीही उशीर होवो, भाऊजींना उठू देऊ नकोस.

ता. क. तिसरा : दुपारचं जेवण वाटेत बडनेऱ्यालाच पोटभर उरकून या, आणि इथे आल्यावर भुकेलेले दिसा.